काळ्या वाघाचा फोटो छापला, आता त्याचा रिपोर्टही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन रविवार आधी तुमच्या पुरवणीत काळ्या वाघाचा पानभर फोटो आला होता, खाली लिहिलेलं की जगात फक्त एकाच जंगलात दिसतो, आयुष्यात एकदा तरी बघाच वगैरे. तो फोटो आधी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरला, मग माहेरच्या ग्रुपवर, मग लॅबच्या, आणि रात्री जेवताना आमचा मुलगा म्हणाला आई यंदा ताडोबा नको, ते तर घरचंच आहे, काळ्या वाघाच्या ओडिशातल्या सिमिलिपालला जाऊ ना. मी म्हटलं जाऊ की, पण तो वाघ काळा काहून झाला ते माहितीये का? तर म्हणे काळा आहे म्हणून काळा आहे. पुरवणीतही यापेक्षा जास्त काही नव्हतं, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्या, मला थोडक्यात लिहिता येत नाही.

मी चंद्रपूरची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बावीस वर्षं झाली, लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त काढायचं आणि ट्यूबवर नाव लिहायचं. यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं विचाराल तर शेवटचं. रक्त कितीही चांगलं निघालं आणि ट्यूबवर नाव नसेल तर ती ट्यूब कचऱ्यात जाते. वाघाचं आणि माझ्या ट्यूबचं काय नातं ते पुढे सांगते.

आधी तो काळा वाघ. तो खरं तर काळा नाहीच. त्याच्या अंगावरचे काळे पट्टे इतके रुंद झालेत की ते एकमेकांत मिसळून गेलेत, मधला पिवळा भाग फटीफटीतून दिसतो तेवढाच. हे असं होतं एका जीनमधल्या, म्हणजे जनुकातल्या, एका बदलामुळे. बेंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत उमा रामकृष्णन म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी विनय सागर यांनी बाकीच्या सहकाऱ्यांसोबत हे शोधलं, २०२१ मध्ये त्यांचा संशोधनाचा पेपर आला. जीनचं नाव टॅकपेप. त्यातून जे प्रोटीन बनतं त्याच्या ४५४ व्या जागेवर हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल (प्रोटीनची एक वीटच म्हणा) पाहिजे तिथे टायरोसिन नावाचं दुसरंच येऊन बसलंय, बस एवढंच. आफ्रिकेतल्या किंग चित्त्याच्या अंगावर ठिपक्यांऐवजी जे जाड पट्टे दिसतात तेही याच जीनमुळे, आणि घरच्या काही मांजरांच्या अंगावर पट्ट्यांचे मोठमोठे गोळे दिसतात ना, तेही याच जीनमुळे.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हे समजवायला पाच मिनिटं लागत नाहीत, कारण आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. सिकलसेल म्हणजे तरी काय, हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवर एक सोडून दुसरंच अमिनो आम्ल बसतं. प्रत्येक जीनची आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक प्रत. एकच प्रत खराब असेल तर माणूस वाहक, त्याला बहुतेक काही त्रास नाही, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता की दोन्ही खराब प्रती त्याच्याकडे जातील. म्हणून तर आम्ही कॉलेजात कॅम्प लावतो, बोटाला टोचतो, सोल्युबिलिटी टेस्ट ही पहिली चाचणी करतो, ती पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी चाचणी करतो, आणि पोरापोरींना सांगतो की बाबांनो पत्रिका नंतर बघा, आधी हा रिपोर्ट बघा. काळ्या वाघाचं गणित डिट्टो हेच आहे, दोन्हीकडून बदललेली प्रत आली तरच वाघ काळा दिसतो. फरक एवढाच की सिकलसेल हा आजार आहे आणि काळा रंग हा आजार नाही. वाघ धडधाकट असतो. पण तो रंग एका दुसऱ्याच दुखण्याची खूण आहे.

त्या पेपरात जंगलातल्या विष्ठेतून, केसांतून नमुने घेऊन बघितलं तर सिमिलिपालच्या १२ वाघांमध्ये या बदललेल्या प्रतीचं प्रमाण ०.५८ निघालं. म्हणजे १२ वाघ, प्रत्येकाच्या दोन प्रती, एकूण २४, त्यातल्या १४ बदललेल्या. आणि सिमिलिपालच्या बाहेरच्या ३९५ वाघांत बघितलं तर किती? शून्य. एकही नाही! आता ही प्रत तिथे इतकी का वाढली, काळ्या वाघाला शिकार जास्त मिळते का, दाट जंगलात लपायला सोपं जातं का, तर तसं असूही शकतं पण ते मानायची गरज पडत नाही. नुसता योगायोग पुरतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताटात रंगीबेरंगी हलवा असतो, त्यातून मूठभर उचलला तर सगळे रंग येतात, पण चिमूटभर उचलला तर कधीकधी नुसता गुलाबीच हातात येतो. सिमिलिपालच्या वाघांचं तसंच झालं. थोडेसे वाघ उरले, बाहेरून कोणी आलं नाही, आतल्या आत जोड्या जमत गेल्या आणि जो रंग चिमटीत आला तोच पिढ्यान्‌पिढ्या चालला. सिमिलिपाल म्हणजे ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातलं पावणेतीन हजार चौरस किलोमीटरचं रान, १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता तसंच हेही होतं. एवढं मोठं रान, पण शेजारच्या वाघांच्या रानाशी रस्ताच उरला नाही. ओडिशाने २०२३-२४ मध्ये स्वतः मोजणी केली तेव्हा अख्ख्या राज्यात ३० मोठे वाघ निघाले, त्यातले २७ एकट्या सिमिलिपालात, आणि त्यात १३ काळे. म्हणजे जवळपास निम्मे. आपण ज्याला दुर्मिळ म्हणून फोटो काढतोय ते त्या जंगलाचं नात्यातल्या नात्यात लग्नं लागल्याचं सर्टिफिकेट आहे.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. हा शोध लागला कशामुळे? जंगलातल्या कॅमेऱ्यामुळे नाही, प्राणिसंग्रहालयातल्या वाघांमुळे. जंगलातल्या वाघाची विष्ठा मिळते पण तिच्यातला डीएनए म्हणजे तुकडे तुकडे झालेला, वर उन्हाने भाजलेला, त्यात चितळाचा डीएनए, रानडुकराचा डीएनए, सगळी मिसळ. त्यातून एखादी ठरावीक गोष्ट शोधता येते, पण काय शोधायचं तेच माहीत नसेल तर अंधारात चाचपडणं. झूमधल्या वाघाचं मात्र रक्त मिळतं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये स्वच्छ ताजं रक्त, अख्खा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचता येतो. आणि त्याहून भारी म्हणजे आई कोण, बाप कोण, कोणत्या वेतात कोणती पिल्लं, कोण पिवळं कोण काळं, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये पिंजऱ्यात जन्मलेले असे काळे वाघ होते. त्यांच्या घराण्याची वंशावळ आणि रक्त समोरासमोर ठेवलं तेव्हा तो एक बदल हाताला लागला. आणि मग तेवढाच बदल जंगलातल्या विष्ठेत जाऊन शोधला. चेन्नईच्या झूमध्येही असे वाघ होते, त्यांचं मूळ बघितलं तर तेही फिरून सिमिलिपालच्याच रक्ताला जाऊन भिडलं.

म्हणजे बघा, पिंजऱ्यातल्या वाघाने जंगलातल्या वाघाचं निदान करून दिलं. कोणीतरी त्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं नीट नोंदी ठेवल्या म्हणून. त्या कारकुनाला किंवा कीपरला कोणी हार घातला असेल असं मला वाटत नाही. मी घातला असता.

आणि निदान झाल्यावर औषध कुठून गेलं? आमच्या चंद्रपुरातून! हे पुरवणीत एका ओळीनेही नव्हतं याचा मला खरंच राग आला. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ताडोब्याची जमुना सिमिलिपालला गेली आणि नोव्हेंबरमध्ये झीनत. हजारेक किलोमीटरचा प्रवास, गाडीत बंद. कारण हेच, तिथल्या रक्तात बाहेरचं रक्त मिसळावं. आमच्याकडे तेव्हा सगळे गमतीत म्हणायचे आमच्या पोरी सासरी गेल्या. जमुना राहिली बापा, झीनत काही राहिली नाही, डिसेंबरात ती सिमिलिपाल सोडून निघाली ती झारखंड, मग तिथून पश्चिम बंगाल, झारग्राम पुरुलिया करत बांकुड्यापर्यंत, तीन राज्यांचे वनखात्याचे लोक मागे मागे, आणि शेवटी २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडली आणि परत नेऊन सोडली. आमच्या ऑफिसात तेव्हा रोज सकाळी पहिला प्रश्न हाच की आज झीनत कुठे. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी पण वाघीण अशी गावागावांतून फिरते तेव्हा तिचाही जीव जाऊ शकतो आणि माणसाचाही. ओडिशालाच आधीचा धडा आहे. २०१८ मध्ये सातकोसियात कान्ह्याचा महावीर आणि बांधवगडची सुंदरी आणली होती, महावीर फासकीत अडकून मेला, सुंदरीवरून गावकरी भडकले, तिला पिंजऱ्यात ठेवायला लागलं आणि शेवटी ती २०२१ ला मध्य प्रदेशात परत गेली. तेव्हा जीन जुळले म्हणजे झालं असं काही नाही. पोरीच्या घरच्यांना विचारावं लागतं तसं गावाला विचारावं लागतं.

आता एक हिशोब करून बघा. ताडोब्याच्या वाघिणीकडे ती बदललेली प्रत नाही. सिमिलिपालचा पूर्ण काळा नर आणि आमची जमुना, यांची पिल्लं झाली तर रंगाने कशी होतील? सगळीच्या सगळी पिवळी. वाहक असतील, पण काळं एकही नाही. म्हणजे हा उपाय जितका यशस्वी होईल तितके काळे वाघ कमी होत जाणार, निदान काही पिढ्या तरी. जंगल बरं होतंय याची खूण म्हणजे काळा वाघ दिसायचा कमी होणं. आणि इकडे आपण काय करतोय, तर त्या काळ्या वाघाचं पोस्टर. ओडिशा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये बारीपदाजवळ खास काळ्या वाघांची सफारी जाहीर केली, जगातली पहिली म्हणून. दुकानात जो माल विकायचाय तोच माल कमी करायचा इलाज जंगलात चाललाय, या दोन गोष्टी एकाच खात्याच्या टेबलावर कशा नांदणार मला कळत नाही. सफारीत काळे दाखवायचे तर काळे जन्मायला पाहिजेत, आणि हमखास काळे जन्मायचे तर काळ्याला काळाच द्यावा लागणार. घराण्यातलाच.

हे आपण एकदा करून बसलोय. पांढरा वाघ. मे १९५१ मध्ये रीव्याच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला, गोविंदगडच्या राजवाड्यात ठेवला. बेगम नावाच्या साध्या वाघिणीशी जोडी लावली, पिल्लं सगळी पिवळी झाली, जसं मी वर सांगितलं तसंच. मग काय केलं, तर त्याच पिल्लांतली राधा, त्याची स्वतःची मुलगी, तिच्याशी जोडी लावली. १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली आणि जगभरच्या झूंमध्ये रांग लागली. हाही एकाच जागेचा बदल आहे, एसएलसी४५ए२ नावाच्या जीनमध्ये ४७७ व्या जागेवर, चिनी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये शोधला. पण तो रंग टिकवायला बाप-मुलगी, भाऊ-बहीण अशा जोड्या लावत गेले, आणि तिरळे डोळे, वाकडे पाय, पिल्लं मरणं हे सगळं त्यासोबत आलं. तिरळेपणाचं तर मूळ त्या रंगातच आहे, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसाच चुकीच्या बाजूला जातात. आम्ही पुरीला गेलो होतो तेव्हा वाटेत नंदनकाननला उतरलो, पांढऱ्या वाघापुढे ही गर्दी, आणि शेजारी साधा पिवळा वाघ झोपलेला त्याच्याकडे कोणी बघेना. मीही पांढऱ्याचेच फोटो काढले, खोटं कशाला बोलू.

बरं उलटी चूकही झालेली आहे, म्हणजे पिंजऱ्यातलं रक्त न तपासता जंगलात सोडणं. उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या जंगलात बिली अर्जनसिंग म्हणून वाघाचे मोठे वेडे होते, त्यांनी १९७६ मध्ये इंग्लंडच्या ट्वायक्रॉस झूमधून तारा नावाची बछडी आणली, वाढवली आणि १९७८ च्या जानेवारीत जंगलात सोडली. माणसाची नियत शंभर टक्के चांगली. पण नव्वदच्या दशकात दुधव्यात काही वाघ वेगळेच दिसायला लागले, डोकं मोठं, रंग फिका, पट्टे रुंद, म्हणजे सायबेरियन वाघासारखे. मग त्या वाघांचे केस तपासायला हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत गेले आणि दोन नमुन्यांत सायबेरियन वाघाच्या खुणा निघाल्या. आता दोन केसांवरून ते ताराकडूनच आलं असं छातीठोक सांगता येत नाही, मी लॅबवाली आहे, दोन सॅम्पलवर मी कोणाला रिपोर्ट देणार नाही. पण ताराला सोडायच्या आधी तपासायची सोयच नव्हती ना तेव्हा. आज आहे.

सिंहांचंही तेच. पंजाबच्या छतबीर झूमध्ये सर्कशीतून आलेले आफ्रिकन सिंह आणि आपले आशियाई सिंह एकमेकांत मिसळले, पैदास वाढत गेली, नंतर ती संकरित प्रजा रोगट निघाली, मग नरांची नसबंदी करून तो सगळा कळप हळूहळू संपू द्यायला लागला. अमेरिकेत तर आशियाई सिंह वाचवायचा खास कार्यक्रम होता, सगळ्या झूंनी मिळून चालवलेला. १९८७ मध्ये रक्त तपासलं तर कळलं की ज्या ५ सिंहांपासून सुरुवात केली त्यातले २ आफ्रिकन रक्ताचे. सगळी मेहनत पाण्यात.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि तीच मला जास्त आवडते. २००८ मध्ये १४ देश-प्रदेशांतल्या १०५ पाळीव वाघांचा डीएनए तपासला होता. ५२ मिश्र निघाले, पण ४९ शुद्ध एकेका उपजातीचे निघाले, आणि त्यांच्यात काही अशा जनुकीय खुणा सापडल्या ज्या जंगलातल्या तपासलेल्या वाघांत दिसल्याच नव्हत्या. म्हणजे जंगलातून पुसल्या गेलेल्या गोष्टी कुठल्यातरी पिंजऱ्यात जिवंत असू शकतात. आजीच्या पेटीत तळाशी जुनी पैठणी निघावी तसं. पण पेटी उघडून बघायला तर पाहिजे.

आता आपल्या महाराष्ट्राची पेटी बघू. आपल्याकडे नुसते झूमध्ये जन्मलेले वाघ-बिबटे नाहीत, जंगलातून पकडून आणलेले किती आहेत! नागपूरच्या गोरेवाड्यात आमच्या चंद्रपूरचे, ब्रह्मपुरीचे वाघ आहेत. राजुऱ्याचा आरटी-१ आठवत असेल, माणसं मारली होती त्याने, ऑक्टोबर २०२० ला पकडला आणि गोरेवाड्यात गेला. जुन्नरला माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथे उसाच्या शेतातून, विहिरीतून काढलेले, गावात शिरलेले बिबटे येत राहतात. यातला प्रत्येक प्राणी कुठून आला ते गावासकट माहीत आहे, तारखेसकट. हा जंगलाचाच नमुना आहे, फक्त पिंजऱ्यात ठेवलेला. तो बेशुद्ध करून पकडला जातो, डॉक्टर हजर असतात, रक्त तसंही काढतात. मग एक जास्तीची जांभळी ट्यूब भरायची, तिच्यावर नाव, गाव, तारीख लिहायची, आणि डीएनएचा रिपोर्ट एका जागी सांभाळून ठेवायचा, एवढंच माझं मागणं आहे. काही ठिकाणी होतही असेल, पण सगळीकडे व्हावं, एकाच पद्धतीने व्हावं, आणि ते वनखात्याच्या कपाटात न राहता संशोधकांना मिळावं.

मी मागे आपल्याच राज्यातल्या एका झूमध्ये (नाव लिहीत नाही) वाघाच्या पिंजऱ्यापुढच्या बोर्डावर बघितलं, रॉयल बेंगॉल टायगर, आहार मांस, आयुष्य इतकी वर्षं. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं दादा हा कुठला, आईबाप कोण. बिचारा म्हणाला ताई मी तीन वर्षांपासून आहे, हा माझ्या आधीपासून आहे. त्याची चूक नाही. पण बिनलेबलची ट्यूब म्हणजे काय ते मला तिथे कळलं. वाघ समोर जिवंत उभा, आणि माझ्या हिशोबाने कचऱ्यात गेलेला.

आणि याची गरज आता लगेच आहे, पुढेमागे नाही, कारण वाघ इकडून तिकडे नेणं आपल्याकडे सुरूच झालंय. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची चंदा पार सह्याद्रीत, चांदोलीला नेली. २०२२ मध्ये गुजरातमधून सिंहांची जोडी बोरिवलीला आली आणि बदल्यात इथली वाघांची जोडी तिकडे गेली. चांगलंच आहे, मी विरोधात नाही. आमच्या जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ आहेत म्हणतात, तेंदूपत्त्याला मोहाला गेलेल्या बाया दर उन्हाळ्यात मरतात, त्यांच्या घरच्यांना मी जीनच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगू. वाघ बाहेर गेला तर इथल्या माणसालाही थोडा श्वास मिळतो. पण जी जातेय ती कोणाची बहीण, तिकडे आधी गेलेली तिची कोण लागते, एकाच घरातल्या सगळ्या पोरी एकाच गावात दिल्या तर दोन पिढ्यांनी तिथेही सिमिलिपाल होईल. हे बघितलं जातं का? बघितलं जात असेल तर लोकांना सांगा ना, बातमीत वाघिणीचं वय आणि नाव असतं तशी एक ओळ याचीही असू द्या.

बिबट्यांच्या नसबंदीची चर्चा चालू आहे, तिथेही हेच. करायची तर करा, जुन्नरच्या लोकांनी किती सोसायचं. पण ज्याची करताय त्याची एक ट्यूब आधी ठेवा. नंतर ते रक्त पुढे जाणार नाहीये.

कोणी म्हणेल खर्च किती. मला अख्ख्या जीनोमचा आजचा भाव माहीत नाही, आमच्या लॅबमध्ये ते होत नाही. पण ट्यूब, बर्फाचा डबा आणि मायनसचा फ्रीझर यांचा खर्च मला पाठ आहे आणि तो एका सफारी गेटच्या कमानीपेक्षा कमीच असतो. वाचायचं नंतर वाचा, सॅम्पल तर आज ठेवा. नंदनकाननमध्ये नोंदी केल्या तेव्हा कोणाला ठाऊक होतं की त्यातून टॅकपेप निघेल.

आणि हो, कोणी असंही समजू नये की झूमधले वाघ वाढवले म्हणजे जंगल वाचलं. पिंजऱ्यात वाढलेला वाघ असा उचलून सोडता येत नाही, त्याला ना शिकार येते ना माणसाची भीती राहते. त्याच्या रक्तातली माहिती जंगलात जाते, तो स्वतः बहुतेक नाही. गाडीतून वाघीण नेणं हाही शेवटी सलाईन लावण्यातलाच प्रकार आहे. मध्य भारतातले आपले वाघ आतापर्यंत सिमिलिपालसारखे झाले नाहीत कारण ते अजून चालत जाऊ शकतात. टिपेश्वरचा वॉकर आठवा, २०१९-२० मध्ये तीन हजार किलोमीटर भटकत ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. नागपूर-जबलपूर हायवेवर पेंचमध्ये वरून रस्ता खालून वाघ अशी सोय केलीय, कॅमेऱ्यात वाघ दिसतात तिथून जाताना. आमच्या गोंदिया-बल्लारशा रेल्वे लाईनवर मात्र अजून वाघ कापले जातात. तिथे पण अशी सोय पाहिजे, ते वेगळं पत्र लिहीन.

मुलाला हे सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, मग तर आताच जायला पाहिजे, काळे कमी व्हायच्या आधी. पोट्ट्यांपुढे काय बोलणार. तिकिटं बघतोय आम्ही, वाटेत नंदनकाननला पुन्हा उतरू, यावेळी पिवळ्या वाघांपुढे थोडं उभं राहीन म्हणते.

पत्र मोठं झालंय, तुम्ही कापणार हे माहितीये. कापायचं तर सिंहांचा भाग कापा, सिकलसेलचा नका कापू, आमच्या भागातले लोक तेवढ्यासाठी तरी वाचतील. आणि पुढच्या वेळी काळ्या वाघाचा फोटो छापाल तेव्हा बाजूला जमुनाचा एक छोटा फोटो छापा.

आपली वाचक,
एक लॅब टेक्निशियन, चंद्रपूर